तेल शिल्लक

यंदाचा वळीव आमच्याकडं जरा जास्तच मस्तीत आला. मेच्या मधल्या आठवड्यात एका संध्याकाळी असं वारं सुटलं की गोठ्यावरचे चार पत्रे उडून शेजारच्या काकांच्या काजूत जाऊन पडले, आणि परसातला जुना फणस, जो माझ्या आज्ज्यानं लावला की आज्ज्याच्या बापानं यावर घरात अजून एकमत नाही, तो मुळासकट न पडता बेचक्यातनं फाटला. अर्धा उभा, अर्धा गोठ्याच्या भिंतीवर टेकलेला. म्हशी दावणीला होत्या पण त्या बाजूला नव्हत्या, एवढंच नशीब. आप्पांनी फोनवर मोजकंच सांगितलं, "फणस पडलाय गा. सवड झाली की ये." आप्पांच्या भाषेत सवड झाली की म्हणजे या शनिवारी.

मी बेळगावात राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे, गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं. आमच्या भागात मिरग निघायच्या आत सरपण आत आलं पाहिजे हा नियम कुठं लिहिलेला नाही पण मोडत कोण नाही. एकदा पाऊस लागला की हब्बनहट्टीचा मारुती मलप्रभेच्या पाण्याखाली जातो, घरातली चादर महिना महिना वाळत नाही, आणि तेव्हा बंबात घालायला ओलं लाकूड असेल तर न्हाणीत धूर आणि घरात भांडण दोन्ही एकदमच पेटतात. म्हणून फणस लवकर तोडायचा होता. गोठ्याची भिंत हे दुसरं कारण.

कटर माझंच. आमच्याकडं चेनसॉला कटरच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, चायनीज बनावटीचं, ५८ सीसी, २० इंची बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी. घेतलं तेव्हा घरात कोणाला पटलं नव्हतं. आप्पांचं म्हणणं, कुऱ्हाड कधी बिघडत नाही. आता कुऱ्हाडीचा दांडा निघून उडाल्याच्या दोन गोष्टी मला माहीत आहेत, एकीत तर आप्पा स्वतः आहेत, पण ते असो.

शनिवारी दुपारी सुरू केलं. बारक्या फांद्या निघाल्या भराभर. मग हाताच्या दंडाएवढ्या, मग मांडीएवढ्या, आणि तिथं कटर रडायला लागलं. फणसाचं लाकूड ताजं असलं तर लोण्यासारखं जायला पाहिजे. पण छिलके पडायच्या ऐवजी बारीक पिवळं पीठ पडायला लागलं, चेन सैल झाली, घट्ट केली, परत पाच मिनटात सैल, आणि एक वास, म्हणजे इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसला. मी इन्स्पेक्शनचा माणूस, म्हणलं चेन बोथट झालीय. बसलो कानस घेऊन. एकेक दात तीन-तीन हात मारून धार लावली, अर्धा तास गेला, अंगठ्याला कापून घेतलं, आणि परत लावलं तर परत पीठ. मग बारला हात लावला. लावला म्हणजे लावून लगेच काढला. कडा निळ्या पडल्या होत्या.

ज्यांनी हे मशीन जवळनं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कटरची चेन बारच्या कडेला असलेल्या खाचेतनं फिरते. पुढं टोकाला एक बारकं चाक असतं, बाकी सगळीकडं लोखंडावर लोखंड. आणि वेग किती, तर सेकंदाला वीसेक मीटर, म्हणजे रस्त्यावर सत्तरनं मोटरसायकल जाते तसं. असं घासताना मध्ये तेल नसेल तर काय होणार हे सांगायला मेकॅनिकची गरज नाही. म्हणून कटरला दोन टाक्या असतात, एक पेट्रोलची आणि एक तेलाची. आत एक बारका पंप असतो, क्लचचा ड्रम फिरला की तो फिरतो, टाकीतलं तेल ओढतो आणि बॉडीवरच्या एका भोकातनं बारच्या बुडाशी आणून सोडतो. बारला त्याच जागी भोक असतं, तिथनं तेल खाचेत उतरतं आणि चेन ते पुढं घेऊन जाते. एवढंच. बल्ब नाही, काटा नाही, अलार्म नाही.

बेळगावात आमच्या शॉपजवळ एक मिस्त्री आहे, बैलहोंगल बाजूचा, कटर, फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन असलंच करतो. त्याला फोन लावला. आमचं असं आहे की तो कन्नडमधनं बोलतो, मी मराठीतनं, दोघांना दोन्ही कळतं, आणि मधले सगळे शब्द बार, चेन, क्लच, वायसर, हे तर ना त्याच्या बापाचे ना माझ्या. त्याच्या दुकानाच्या बोर्डावर कन्नड मोठं आणि इंग्रजी बारीक आहे, आत रेडिओवर हिंदी गाणी, आणि गिऱ्हाईक निम्मं आमच्यासारखं. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासनं आहे, पण चेन सैल झालीय हे सांगायला तारीख घ्यावी लागत नाही. तर त्यानं सगळं ऐकून घेतलं, धार लावली म्हणल्यावर गप्प बसला, आणि एकच प्रश्न विचारला.

"एण्णी खर्च आगतैतेन री?"

तेल खर्च होतंय का.

मी काय उत्तर दिलं ते सांगायला आता लाज वाटते. मी म्हणलं, नाही हो, तेलाला एकदम कमी आहे, तीन वेळा पेट्रोल घातलं पण तेल एकदा घातलेलं ते अजून अर्ध्याच्या वर आहे. आणि हे मी कौतुकानं सांगितलं. म्हणजे मागच्या दिवाळीनंतर एकदा वापरलं तेव्हापासनंच मला हे लक्षात आलं होतं की तेल कमी खातंय, आणि मी मनातल्या मनात खूश होतो की बघ, सेट झालं मशीन.

तो हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. मग समजावून सांगितलं की या दोन टाक्या मापून केलेल्या असतात, पेट्रोल संपत आलं की तेल पण संपत आलं पाहिजे, म्हणून दोन्ही टोपणं एकदमच उघडायची आणि दोन्ही एकदमच भरायची. पेट्रोल संपलं आणि तेल शिल्लक राहिलं तर ती बचत नव्हे री, तो आजार.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटलं असेल तर ते हे की मी हेच काम करतो. आमच्या शॉपमध्ये जुनी मशीनं आहेत, त्यांची तेलाची टाकी रिकामी झाली की लाल दिवा लागतो, पोरं धावत जाऊन तेल घालतात. पण टाकी भरलेली असून मधली नळी चेपली तर दिवा लागत नाही. दिव्याच्या हिशेबानं सगळं ठीक. स्लाइड, म्हणजे मशीनचा सरकता भाग, घासून जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता, यायला लागल्यावर कळतं, आणि तोपर्यंत खर्च वीस हजाराच्या पुढं गेलेला असतो. हे मी नवीन पोरांना दर सहा महिन्यांनी सांगतो. फळ्यावर चित्र काढून सांगतो.

तर रविवारी सकाळी पडवीत पोतं अंथरून बसलो. आप्पा समोर पायरीवर. आई आत, पण कान बाहेर.

आधी स्पार्क प्लगची टोपी काढून टाकली, हे पहिलं, बाकी काय विसरलं तरी चालेल. मग चेनचा ब्रेक सोडवला, कारण या मॉडेलमध्ये ब्रेक साइड कव्हरमध्येच असतो आणि तो लागलेला असताना कव्हर काढलं तर परत बसताना ड्रमवर जात नाही, माणूस तासभर कव्हरला शिव्या घालत बसतो. दोन नट काढले, कव्हर उघडलं. आत काय असावं? फणसाचा पिवळा भुसा, त्यात चीक, त्यात तेल, असं सगळं मिळून दाबून बसवलेलं, पुरणासारखं. स्क्रू ड्रायव्हरनं वड्या पाडून काढलं. आई बाहेर येऊन बघून गेली आणि म्हणाली, "तेल न लावता फणसाला हात लावलास व्हय."

ती चेष्टा करत होती पण ते खरंच आहे. आमच्याकडं फणस फोडायला बसताना आई आधी विळीला खोबरेल लावते, मग दोन्ही हातांना, मग शेजारी वाटीत ठेवते ते वेगळंच. चीक एकदा बोटाला बसला की साबण लावा नाहीतर राख लावा, जात नाही, तेलानंच जातो. आणि फणसाच्या सालीतनं हा चीक दांड्यापासनं बुंध्यापर्यंत सगळीकडं वाहत असतो. हे आमच्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, पण तेच मशीनला लागू पडतं हे मला कधी सुचलं नाही.

बारची खाच हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं ओढून साफ केली. लांब काळी शेवई निघते, बघायला मजा येते. बारच्या बुडाला दोन भोकं असतात, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या, कारण बार उलटा करूनही लावता येतो आणि लावावाच, नाहीतर एकच कड झिजते. दोन्ही भोकं बुजलेली. सायकलच्या तारेनं टोचून मोकळी केली. मला वाटलं झालं काम. बार-चेन न लावताच नुसतं मशीन चालू करून बघितलं, हात लांब ठेवून, की बॉडीच्या भोकातनं तेल येतंय का. काय नाही. कोरडं ठणठणीत. मग मिस्त्रीनं सांगितलं होतं तसं तेलाच्या टोपणाचे आटे जरा सैल करून बघितलं, कारण टाकीत हवा आत यायची वाट बंद असली तरी पंपाला तेल ओढता येत नाही, उलट्या बाटलीतनं पाणी अडतं तसं. तरी काय नाही. म्हणजे दुखणं आणखी आत.

टाकी जुन्या धोतराच्या फडक्यातनं पातेल्यात ओतली. आणि इथं मला माझा पराक्रम दिसला.

पहिल्या वर्षी मी चेनचं खास तेल आणलं होतं, त्यात चिकटपणा आणणारं काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते वेगातसुद्धा चेनवरनं उडून जात नाही. ते संपल्यावर गॅरेजवाल्या मित्रानं मोटरसायकलमधनं काढलेलं जळकं ऑइल फुकट दिलं. फुकट म्हणल्यावर मी कॅनच नेलं. आता जळक्या ऑइलात लोखंडाची बारीक पूड असते, काजळी असते, आणि ते आपण लाकडावर, मातीवर, स्वतःच्या पँटवर शिंपडत असतो, पण ते तेव्हा डोक्यात आलं नाही. ते पण संपलं, तेव्हा कुठंतरी वाचलं की परदेशात चेनला वनस्पतीचं तेल वापरतात, मातीत मिसळून जातं, पर्यावरणाला चांगलं. हे खरं आहे, तिकडं मोहरीच्याच जातीच्या बियांचं तेल असतं आणि त्याच्यात बरंच काय काय मिसळलेलं असतं. मी काय केलं, तर दिवाळीच्या फराळाचं तळणीचं उरलेलं सूर्यफूल तेल गाळून टाकीत ओतलं. वर थोडं जळकं ऑइल, रंग यावा म्हणून म्हणा. दोन फांद्या तोडल्या, कटर कोपऱ्यात ठेवलं, आणि नोव्हेंबर ते मे त्याला हात लावला नाही.

तळणीची कढई बाहेरच्या अंगानं कशी होते बघा. तेलाचा ओघळ येतो, पुसायचा राहतो, मग त्याचा पिवळा, मग तपकिरी थर बसतो जो घासणीनं निघत नाही, नखानं पण निघत नाही. खायचं तेल हवेत आणि उष्णतेत राहिलं की त्याचे कण एकमेकांना धरून बसतात आणि शेवटी त्याचं व्हार्निश होतं. सूर्यफुलाचं तर लवकर होतं. तेच सगळं माझ्या टाकीत, नळीत आणि पंपात सहा महिने निवांत चाललं होतं. फडक्यावर जे राहिलं ते तेल नव्हतं, काळी खरवड होती.

टाकीतनं तारेच्या आकड्यानं नळी बाहेर ओढली. नळीच्या टोकाला एक बारकी जाळीची टोपी असते, वजनदार, म्हणजे मशीन आडवं-तिडवं केलं तरी ती तेलातच पडून राहावी म्हणून. जाळी दिसतच नव्हती, जांभळाएवढा काळा गोळा दिसत होता. पेट्रोलात टाकला. पेट्रोलात रंग सुटायला लागला तेव्हा जरा बरं वाटलं.

पंप क्लचच्या मागं. क्लच काढायचं म्हणजे आधी इंजिन फिरायचं थांबलं पाहिजे, त्यासाठी प्लगच्या भोकातनं आत स्वच्छ नायलॉनची दोरी सोडायची, पिस्टन वर येत असताना, बाजूची धुराची वाट झाकली गेल्यावरच, नाहीतर दोरी तिथं अडकून कापते. मग क्लच सोडवायचा. मी पाना लावला आणि नेहमीसारखा डावीकडं जोर दिला. हलेना. दांड्याला पाइप लावून जोर दिला. हलेना. हातोडा शोधायला उठलो तेव्हा आप्पा पायरीवरनं म्हणाले, "त्याच्यावर बाण काढलाय काय तर."

होता. क्लचवर बाण कोरलेला, उजवीकडं. उलटे आटे. इंजिन ज्या दिशेला फिरतं त्यात क्लच सुटून जाऊ नये म्हणून तो उलट्या आट्यांचा करतात, हे मी पुस्तकात शिकलोय, परीक्षेत लिहिलंय, मार्क पण मिळालेत. उजवीकडं फिरवला, एकदा कर्र झालं आणि सुटला. आप्पांनी चष्मा पुसला. बोलले काय नाहीत, तेच जास्त लागलं.

ड्रम काढला, सुयांची बेअरिंग काढून कागदावर ठेवली, मागं वर्म. वर्म म्हणजे आट्यांचं चाक, ते पंपाच्या दांड्याला फिरवतं. स्वस्तातल्या मशीनमध्ये त्याचेच दात जातात म्हणून जीव मुठीत धरून बघितलं, पण दात शाबूत. मग दोन स्क्रू काढले की पंप हातात, करंगळीच्या दोन पेरांएवढा.

मी पंप धरला होता, दोन्ही हात तेलाचे, म्हणून स्क्रू आप्पांच्या हातात दिले. चार मिलिमीटरचे दोन स्क्रू, बारीक. म्हणलं धरा जरा. एक पडला. त्यांनी वाकून शोधला, पोत्याच्या धाग्यात होता, परत तळव्यात घेतला, आणि परत पडला. मी वर बघितलं. त्यांचा हात थरथरत होता. थंडीनं थरथरतो तसा नाही, आतनं कोणीतरी हलवतंय तसा. त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात धरला आणि म्हणाले, "व्हतंय असं. धरायला गेलं की व्हतंय."

"कधीपासनं?"

"झाला की पाऊसकाळ एक."

आई आतनं म्हणाली, "सांग की त्याला. बँकेचं पण सांग."

तर बँकेचं असं होतं. मी दर महिन्याच्या पाच तारखेला आप्पांच्या खात्यात पैसे घालतो. खात्याला नंबर माझा दिलाय, आप्पांचा फोन बटणाचा आणि बऱ्याचदा पिशवीत बंद, म्हणून मेसेज मला येतो. शिल्लक इतकी इतकी. पहिली दोन वर्षं शिल्लक वर-खाली व्हायची. गेल्या वर्षापासनं नुसती वर. मी बायकोला दाखवलं पण होतं एकदा, की बघ, आप्पांना काय लागतच नाही, किती काटकसरीनं करतात, आणि मग आम्ही आमच्या हप्त्यांबद्दल बोललो आणि फोन ठेवून दिला.

आप्पांनी स्लिप भरली होती, म्हणजे दुसऱ्याकडनं भरून घेतली होती, कारण ती कन्नड आणि इंग्रजीत असते आणि आप्पा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. सही त्यांनीच केली. काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं की आज्जा, सही जुळत नाही. तिची चूक नव्हती, जुळत नव्हतीच. परत केली. परत जुळेना, उलट जास्तच बिघडली, कारण मागं रांग. पंधरा दिवसांनी परत गेले, तेच झालं. बस तिथं जायला दोन बदलाव्या लागतात. तिसऱ्यांदा गेले नाहीत. डेअरीचे दुधाचे पैसे येत होते, त्यात भागवलं. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता तो "बघू पावसाळ्यानंतर" म्हणून राहिला. मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं तर आप्पा म्हणाले, "त्यात काय सांगायचं. पैसे कुठं जात नव्हते, हाईत की खात्यात."

माझ्या हातात पंप तसाच. त्याच्यातनं एक काळा थेंब निघून मनगटावरनं कोपराकडं चालला होता आणि डोक्यात तो मिस्त्री बोलत होता, खर्च आगतैतेन री.

मी पुढं बराच वेळ कोणाशी बोललो नाही, काम करत राहिलो. पंप पेट्रोलात बुडवला, जुन्या टूथब्रशनं घासला, सायकलच्या पंपानं दोन्ही भोकांतनं फुंकला. पहिल्या फुंकीला काय नाही, दुसरीला काय नाही, मग ती सायकलची तार नव्हे, आईची वाती करायची बारीक सुई आत घालून हळूच फिरवली, आणि एक गुठळी निघाली. मोहरीएवढी. खरंच मोहरीएवढी, काळी, आणि दाबली तर रबरासारखी. एवढ्याशा दाण्यापायी बार निळा झाला होता.

नळी आणि जाळी परत टाकीत, पंप बसवला. स्क्रू मीच लावले. वर्मला एक कान असतो, तो ड्रमच्या खाचेत बसला पाहिजे, नाहीतर ड्रम एकटाच फिरतो आणि पंप बघत बसतो, म्हणून ते दोनदा बघितलं. चेनचं तेल रविवारी जांबोटीत कुठलं मिळायला, हार्डवेअरच्या दुकानात नवीन २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल मिळालं, लिटरचा डबा, ते घातलं. आदर्श नाही पण स्वच्छ तरी. क्लच लावायच्या आधी ड्रम हातानं फिरवत राहिलो. दहा फेऱ्या, पंधरा फेऱ्या. वीसच्या पुढं भोकाच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा थेंब आला, फुगला, आणि खाली ओघळला.

आप्पा म्हणाले, "आलं."

सगळं जोडून, बार उलटा करून लावला, मशीन चालू केलं आणि टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर टाकून बारचं टोक त्याच्यावर वीतभर उंच धरलं, थोडा रेस दिला. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उठली. आधी तुटक, ठिपक्यांची, मग सलग. ही तपासायची सगळ्यात सोपी पद्धत आहे आणि ही मी दोन वर्षांत एकदाही केली नव्हती.

दुपारनंतर फणस तोडला. छिलके पडायला लागले, ओले, हळदीसारखे पिवळे. या लाकडाचा गाभा उकळून बौद्ध भिक्षू चीवर रंगवायचे, ते रंग बघितल्यावर पटतं. मृदंगाचं खोड पण याचंच. बेचक्यात जिथनं झाड फाटलं होतं तिथं आतनं पोखरलेलं होतं, आणि पोखरीत एक पांढरा किडा, बोटाएवढा जाड, तोंडाला दोन काळे जबडे. भुंगेऱ्याची अळी. आता गंमत अशी की कटरच्या चेनचा आजचा दात हा असल्याच अळीवरनं उचललेला आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं बघितलं की अळी लाकडात उभी-आडवी कशीही आरामात जाते, डावा जबडा, उजवा जबडा असं करत, मग त्यानं तसेच डावे-उजवे दात करून १९४७ मध्ये चेन विकायला काढली. मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी अळी काडीनं उचलून कोंबड्यांकडं टाकली आणि म्हणाले, "ह्याला तेल लागत नसणार."

एक टाकी पेट्रोल संपलं तेव्हा तेलाचं टोपण उघडून बघितलं. तळाला थोडंसं होतं. मी इतक्या आनंदानं रिकामी टाकी कधी बघितली नव्हती. दोन्ही भरल्या. बुंधा तेवढा राहिला, तो माझ्या बारच्या आवाक्याबाहेरचा आहे, दोन्हीकडनं कापावा लागेल, पुढच्या रविवारी.

सोमवारी हाफ डे टाकला. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर आप्पा पडवीत बल्बखाली बसून सही करून बघत होते. कागद नको म्हणाले, वाया कशाला घालवायचा, तोच पुठ्ठा घेतला. तेलाच्या रेघेच्या एका अंगाला सुताराच्या पेन्सिलीनं बारा-तेरा सह्या, एक दुसरीसारखी नाही, काही वर चढलेल्या, काही खाली घसरलेल्या. मी म्हणलं, आप्पा, आता जुन्यासारखी करायची नाहीच आहे, जी येते तीच नवीन म्हणून द्यायची. ते म्हणाले, "व्हय, पण नाव तरी वाचता आलं पाहिजे की."

बँकेत पाऊण तास लागला. अर्ज, आधार, फोटो, नवीन सही तीन ठिकाणी. तीच पोरगी होती, तिनं आप्पांना खुर्ची दिली. वाटेत आईचा एक्स-रे काढला.

परत आलो तर आई न्हाणीपुढं बसलेली, बंब पेटवून. पुठ्ठा शोधला तर म्हणाली घातला की आत, तेलाचा होता, काडी लावल्या लावल्या पेटला.